आगकाड्यांची मौज आणि मेहनत

आगकाडीचे आयुष्य ते केवढे! पेटीवर घासली, चूल पेटली, की संपली. पण १९१५ साली एका माणसाने आगकाड्या न पेटवताच त्यांना कामाला लावले. काड्या मांडायच्या, एक चित्र घ्यायचे, काड्या जराशा सरकवायच्या, पुन्हा एक चित्र घ्यायचे, असे करीत करीत त्याने त्यांना पडद्यावर चालायला लावले. हा माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, आपले दादासाहेब फाळके. आणि त्या छोट्याशा चित्रपटाचे नाव 'आगकाड्यांची मौज'.

वाचकहो, 'राजा हरिश्चंद्र' आपणा सर्वांना ठाऊक आहे. ३ मे १९१३, मुंबईचे कॉरोनेशन थिएटर, हे शाळेतली पोरेसुद्धा घडाघड सांगतात. आगकाड्यांबद्दल मात्र कोणी फारसे बोलत नाही. ज्याला आज आपण अॅनिमेशन म्हणतो, आणि ज्याला जुनी मंडळी 'व्यंगपट' किंवा सरसकट 'मिकी माऊसची फिल्म' म्हणत, तो प्रकार साहेबाकडून आयता आला, अशी आपली एक समजूत आहे. आता, मिकी माऊस पडद्यावर गाजला तो १९२८ च्या नोव्हेंबरात. आपल्या आगकाड्या त्याआधी तेरा वर्षे चालून गेल्या होत्या.

हे सांगून मला छाती फुगवायची नाही. फ्रान्समध्ये एमिल कोल नावाच्या कलावंताने १९०८ सालीच आगकाड्यांचा चित्रपट केला होता, आणि त्याच साली सुमारे सातशे चित्रे काढून 'फँटास्मागोरी' हा रेषांचा चित्रपटही केला होता. तेव्हा 'जगात पहिले आम्हीच' हा वाद आपण न घातलेला बरा. इतिहासाच्या अभ्यासात 'पहिला कोण' या प्रश्नाला उगाचच फार मान मिळतो, असे माझे मत आहे. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न: हे काम झाले कसे, कोणी कोणत्या अडचणीत केले, आणि त्याचे पुढे काय झाले?

निर्जीव वस्तूला चालवून दाखवण्याची हौस आपल्याकडे नवी नव्हती. आमच्या सांगलीतच विष्णुदास भाव्यांनी, ज्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले त्यांनी, हातपाय हलवणाऱ्या लाकडी बाहुल्या घडवल्या होत्या. पुढे रामदास पाध्यांनी त्या बाहुल्या दुरुस्त करून पुन्हा खेळत्या केल्या. कल्याणला महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' नावाचे दिव्याचे खेळ सुरू केले. काचेच्या तुकड्यांवर एकाच पात्राच्या थोड्या थोड्या बदललेल्या आकृती रंगवायच्या, आणि दिव्यापुढून त्या भराभर सरकवायच्या, म्हणजे पात्र हलल्याचा भास होई. पडद्यावर चित्र हलते हे पाहण्याची सवय मराठी डोळ्याला सिनेमाच्या आधीच लागलेली होती, ती अशी.

आता फाळक्यांकडे येऊ. १९१२ च्या फेब्रुवारीत ते विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले आणि एप्रिलमध्ये परत आले. येताना विल्यमसन कंपनीच्या कॅमेऱ्याची आणि फिल्मला कडेची भोके पाडण्याच्या यंत्राची तजवीज करून आले. यंत्रे झाली, पण चित्रपट काढायला लागणारा पैसा कोठून आणायचा? सावकाराला 'मी हलती चित्रे काढणार' असे सांगून पैसा मिळत नसतो. त्याला काहीतरी दाखवावे लागते. फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले, तिच्यासमोर कॅमेरा ठेवला, आणि महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाची चित्रे घेतली. बी फुटते, कोंब वर येतो, त्याचा वेल होतो, हे सारे मिनिटभरात पडद्यावर. नाव 'अंकुराची वाढ'. हे पाहून यशवंतराव नाडकर्णी, नारायणराव देवहारे अशी मंडळी कर्ज द्यायला तयार झाली. घरातून सरस्वतीबाईंचे दागिने गेले ते निराळेच.

ही कथा सांगताना 'फाळके रोज एक चित्र घेत' असे पुष्कळ ठिकाणी म्हटलेले असते. ऐकायला गोड वाटते. पण जरा कागद-पेन्सिल घ्या आणि हिशेब करून पाहा. मूकपटाच्या काळी सेकंदाला साधारण १६ चित्रे धावत. मिनिटाला झाली ९६०. रोज एक याप्रमाणे महिन्याला चित्रे होतात तीस. आणि तीस चित्रे पडद्यावरून दोन सेकंदांत निघून जातात! वेलीला डोके वर काढायलासुद्धा सवड मिळायची नाही. चित्रपट मिनिटभराचा असेल, तर महिन्याच्या हिशेबाने दिवसाला बत्तीसच्या आसपास चित्रे घ्यायला हवीत. चोवीस तास धरले तर दर पाऊण तासाला एक. नुसता दिवसाचा उजेड धरला, तर वीस-बावीस मिनिटांना एक. म्हणजे जेवायला बसले तरी मधूनच उठायचे, पाहुणा आला तरी उठायचे, कॅमेऱ्याला धक्का न लावता हँडल फिरवायचे, आणि परत येऊन पाहुण्याला विचारायचे, 'हां, काय म्हणत होता आपण?' असे महिनाभर. याच माणसाचे डोळे थोड्याच काळापूर्वी रात्र रात्र सिनेमे पाहून गेल्यासारखे झाले होते आणि उपचारांनी कसेबसे परत आले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या एका मिनिटाची किंमत कळते.

वाटाण्याचा वेल आणि आगकाडी यांचा संबंध काय, असे आपण विचाराल. तत्त्व एकच. कॅमेरा सलग चालवायचा नाही. एक चित्र घ्यायचे, थांबायचे, पुन्हा एक घ्यायचे. मधल्या वेळात वाटाण्याला निसर्ग हलवतो आणि आगकाडीला माणूस, एवढाच काय तो फरक. ज्याने वेल चालवून दाखवला, त्याला काडी चालवण्याचे सुचणे अगदी स्वाभाविक होते.

त्या काळच्या कॅमेऱ्याला मोटार नसे. बाजूला हाताने फिरवायचे हँडल असे. एक फेरा फिरवला की आठ चित्रे उमटत. सेकंदाला दोन फेरे म्हणजे सोळा चित्रे. चांगला कॅमेरामन मनात एखादे गाणे म्हणत तो ताल सांभाळी. पण अशा कॅमेऱ्यांना बहुधा दुसरेही एक भोक असे. हँडल काढून त्या भोकात बसवले, की एका फेऱ्याला एकच चित्र. जादूची, करामतीची दृश्ये घ्यायची ती या दुसऱ्या भोकातून.

फिल्मही आजच्यासारखी नव्हती. तिला लाल रंग दिसतच नसे. लाल वस्तू चित्रात काळी येई. लाल गुलाची काडी घेतली, तर पडद्यावर पांढऱ्या अंगाची आणि काळ्या डोक्याची दिसणार, जणू टोपी घातलेला बारकासा माणूसच. मुद्दाम रंगवायला नको. कोऱ्या फिल्मला भोके पाडण्याचे काम अंधारात करावे लागे, आणि ते सरस्वतीबाई करीत. फिल्म धुण्याची रसायने कशी मिसळायची हेही त्या शिकल्या होत्या. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक उरकून मग रात्री त्या या कामाला बसत. एक भोक इकडे-तिकडे झाले, तर पडद्यावर चित्र थरथरणार. साध्या दृश्यात ते थोडेफार खपून जाते. आगकाडीच्या चित्रपटात खपत नाही, कारण तिथे काडी हलायला हवी, जमीन नव्हे.

हे सारे वाचून समजते, पण हाताला कळत नाही. म्हणून गेल्या हिवाळ्यात मी इतिहासाच्या वर्गातल्या सहा-सात मुलामुलींना घेऊन बसलो. खिडकीजवळ एक बाक, त्यावर काळा पुठ्ठा, वर स्टुलाला सुतळीने बांधलेला मोबाइल, आणि आगकाडीची एक पेटी. ठरवले एवढेच, की पाच काड्यांचा एक माणूस करायचा आणि त्याला दहा सेकंद चालवायचे. सेकंदाला सोळा, म्हणजे एकशे साठ चित्रे. सकाळी दहाला सुरुवात केली. अर्ध्या तासातच एक मुलगा म्हणाला, "सर, उन्हानं सावली सरकली की!" आणि खरेच, काडी जागच्या जागी होती, पण तिची सावली पुठ्ठ्यावर फिरत चालली होती. खिडकीला चादर लावली. मग एकाला शिंक आली आणि काड्यांचा माणूस उडून बाकाखाली गेला. त्याला शोधून, मागचे चित्र बघून, पुन्हा होता तसा मांडला. मग रस्त्यावरून ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जाऊ लागल्या. आष्ट्यात राहणाऱ्यांना हंगामातली ती धडधड सांगायला नको. ट्रॉली गेली की बाक हादरे, काड्या केसभर सरकत. शेवटी दारात एक मुलगी उभी केली. ट्रॉली दिसली की ती हात वर करी, आणि आम्ही सारे श्वास रोखून थांबत असू. एकशे साठ चित्रे पुरी झाली तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते.

मग ती दहा सेकंद पाहिली. काड्यांचा माणूस उठला, अडखळला, चालला, आणि पुठ्ठ्याच्या कडेला जाऊन नाहीसा झाला. क्षणभर कोणीच काही बोलले नाही. मग सगळे एकदम हसले, आणि 'पुन्हा, पुन्हा' करीत वीस वेळा तरी पाहिले असेल. दारात उभी राहिलेली मुलगी म्हणाली, "सर, चालायच्या आधी तो जरा थांबला बघा, म्हणून जिवंत वाटला." तिने जे सांगितले ते या कलेचे निम्मे शास्त्र आहे. वस्तू नुसती सरकली तर ती सरकणारी वस्तूच राहते. निघण्याआधी ती थबकली, मागे रेलली, की पाहणाऱ्याला वाटते, हिला मन आहे.

आमच्या हातात मोबाइल होता. घेतलेले चित्र त्याच क्षणी दिसत होते. फाळक्यांना तसे नव्हते. दिवसभर काड्या हलवायच्या, अंधारात फिल्म धुवायची, वाळवायची, दुसऱ्या फिल्मवर तिची प्रत काढायची, आणि मग पडद्यावर लावून पाहायचे. मध्येच कुठे धक्का लागला असेल तर तो तेव्हा दिसणार, आणि सगळे पहिल्यापासून करावे लागणार.

बरे, आधीच नाव झालेला हा मनुष्य १९१५ साली आगकाड्या का खेळवत बसला होता? त्यापूर्वी त्याचे 'मोहिनी भस्मासुर' आणि 'सत्यवान सावित्री' आले होते. १९१४ मध्ये आपले चित्रपट घेऊन तो पुन्हा लंडनला जाऊन आला होता. तिकडे त्याच्या कामाची वाखाणणीही झाली होती. आणि तेवढ्यात महायुद्ध पेटले. पैसा देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. कोरी फिल्म परदेशातून यायची, तीही महागली. मोठा पौराणिक चित्रपट काढायचा म्हणजे नटमंडळी, पोशाख, देखावे, आणि रोजची ती साठ-सत्तर पाने. आगकाड्यांना पगार लागत नाही आणि जेवणही लागत नाही! कारखाना बंद पडू द्यायचा नाही, हात रिकामे ठेवायचे नाहीत, आणि थोड्या फिल्ममध्ये काहीतरी नवे दाखवायचे, तर असे छोटे चित्रपट हाच मार्ग होता. 'लक्ष्मीचा गालिचा', 'विचित्र शिल्प' अशी नावे त्याच यादीत सापडतात. 'प्रोफेसर केळफा' या नावाने त्यांनी स्वतःच जादूगार होऊन जादूचे प्रयोग पडद्यावर दाखवले. 'केळफा' म्हणजे काय, हे ओळखायला फार डोके लागत नाही. 'फाळके' ही तीन अक्षरे उलटी वाचा.

अशा छोट्या चित्रपटांना त्या काळी जागाही होती. आज आपण तिकीट काढतो ते एका चित्रपटाचे. तेव्हा प्रेक्षक येई तो मिसळीच्या खेळाला. खुद्द 'राजा हरिश्चंद्र'च्या जाहिरातीत मिस आयरीन डेलमार यांचे नृत्य, मॅक्क्लेमेंट्स यांचे विनोदी प्रवेश, आणि पायांनी वस्तू झेलणारा अलेक्झांडर, अशी सगळी मंडळी शेजारी शेजारी होती. मुख्य चित्रपटाच्या अंगाने दोन-चार मिनिटांची एखादी गंमत लावायची, ही रीतच होती. आगकाड्या त्या रांगेतल्या.

आणि इथेच त्यांचे दैव फिरले, असे मला वाटते. जेवणात लोणच्याला जे स्थान, तेच या चित्रपटांना होते. हवे सगळ्यांना, पण आठवण कोणी ठेवत नाही. मोठ्या चित्रपटाची प्रत कोणी जपली तर जपली. ही तोंडी लावण्याची रिळे गावोगाव फिरून झिजली. शिवाय त्या काळची फिल्म नायट्रेटची, आगकाडीइतकीच जळाऊ. उष्ण हवेत ती चिकट होते, तिची भुकटी होते, आणि एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. 'आगकाड्यांची मौज' आज पाहायला मिळत नाही. नाव उरले आहे, साल उरले आहे, कशाची करामत होती ते उरले आहे. काड्या काय करीत होत्या, हे सांगणारा पडदा उरलेला नाही.

एक गोष्ट मात्र हाती राहिली आहे, आणि तिची मला फार मौज वाटते. १९१७ च्या सुमारास फाळक्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' असाच एक छोटा चित्रपट काढला. त्याचा थोडासा भाग शिल्लक आहे. त्यात दादासाहेब स्वतः दिसतात. फिल्मची पट्टी हातात धरून, ती डोळ्यांसमोर नेऊन तपासताना, तुकडे जोडताना. आजकाल प्रत्येक सिनेमाबरोबर 'पडद्यामागे काय घडले' याची चित्रफीत येते आणि आपण ती चवीने पाहतो. आपल्याकडे ते दार पहिल्यांदा उघडून दाखवले ते या गृहस्थाने. लोकांना जादू दाखवायची, आणि मग जादू कशी केली तेही सांगायचे! केळफा जादूगार असता तर गुपित पोटात ठेवता. फाळके पडले शिक्षकाच्या वृत्तीचे.

फाळक्यांचे १९४४ साली निधन झाले. त्यांच्या चित्रपटांतले आज जे काही आपण पाहू शकतो, त्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आहे. १९६४ साली ते स्थापन झाले, आणि पी. के. नायर यांनी 'राजा हरिश्चंद्र', 'कालिया मर्दन' यांचे उरलेसुरले भाग मिळवून जतन केले. आगकाड्यांचे रीळ मात्र त्यांच्या हाती लागले नाही. पुढे २००३ च्या जानेवारीत पुण्यात फिल्म संस्थेच्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि 'प्रभात'च्या काळातली कितीतरी मूळ रिळे त्यात गेली. ज्यांच्या प्रती आधी काढलेल्या होत्या, ते चित्रपट वाचले.

'प्रभात'चे नाव निघाले, तर 'जंबूकाका'ची आठवण काढायलाच हवी. दामले, फत्तेलाल, शांताराम ही कोल्हापूरची मंडळी. १९२९ साली त्यांनी कोल्हापुरात 'प्रभात' काढली, १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा बोलपट दिला, आणि १९३३ मध्ये बिऱ्हाड पुण्याला नेले. पुण्यात गेल्यावर दुसऱ्याच वर्षी, १९३४ साली, 'जंबूकाका' नावाचा छोटा व्यंगपट त्यांनी काढला. चित्रे रघुनाथ केळकरांची. जंबूक म्हणजे कोल्हा. पंचतंत्रापासून आपला ओळखीचा. त्याच वर्षी कलकत्त्याला न्यू थिएटर्समध्ये गुणमय बॅनर्जींनी 'पी ब्रदर्स' केला, म्हणजे 'वाटाणे बंधू'! बावीस वर्षांपूर्वी फाळक्यांच्या कुंडीत उगवलेला वाटाणा कलकत्त्याला जाऊन भाऊबंदांसह पडद्यावर आला म्हणायचा.

आगकाडीपासून कोल्ह्यापर्यंत येताना काम किती पटीने वाढले, ते पाहा. काडी एकच असते, तीच सरकवायची. कोल्हा मात्र दर वेळी नव्याने काढावा लागतो. त्यात बोलपट आल्याने सेकंदाला सोळाची चोवीस चित्रे झाली. मिनिटाला १४४०, एकेक चित्र दोन-दोनदा टिपून काटकसर केली तरी ७२०. यावर अमेरिकेत १९१४ साली अर्ल हर्ड याने एक तोड काढली होती. मागचा देखावा कागदावर एकदाच रंगवायचा आणि हलणारे पात्र तेवढे पारदर्शक सेल्युलॉइडच्या तावांवर काढून वर ठेवायचे. युक्ती सोपी, पण तिचे पथ्य कडक. प्रत्येक ताव खालच्या खुंट्यांवर नेमका बसला पाहिजे; बोटाचा ठसा, धुळीचा कण, रंगाचा ओघळ, सगळे पडद्यावर हातभर मोठे होऊन दिसते. शिवाय तोंडाची उघडझाप आवाजाशी जुळायला हवी, म्हणून कोणता शब्द कितव्या चित्रावर येतो याचा तक्ता आधीच आखायचा. 'प्रभात'ने पुढे या मार्गाने पाऊल टाकले नाही. तिची कीर्ती 'अमृतमंथन' आणि 'संत तुकाराम' यांच्यावर उभी राहिली. एकट्या-दुकट्या चित्रकाराच्या बळावर हा धंदा चालणारा नव्हता. त्याला पगारी माणसांचा ताफा आणि नियमित काम हवे होते.

ते मिळाले स्वातंत्र्यानंतर, आणि तेही सरकारच्या घरी. १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजन सुरू झाले, आणि १९५६ साली त्यात व्यंगपटांची स्वतंत्र शाखा निघाली. शिकवायला आले क्लेअर वीक्स. डिस्नेकडे 'बांबी', 'पीटर पॅन' अशा चित्रपटांवर काम केलेला हा चित्रकार जन्माने इथलाच, मिशनरी आईवडिलांचा मुलगा. त्याच्या हाताखाली १९५७ मध्ये 'बनियन डिअर' हा चित्रपट तयार झाला. गोष्ट जातककथेतली, गाभण हरिणीच्या बदल्यात स्वतःची मान पुढे करणाऱ्या मृगराजाची. आणि चित्रांचे वळण घेतले अजिंठ्याच्या भिंतींचे. मला हे फार शहाणपणाचे वाटते. तंत्र शिकायला आलेल्या मुलांना गुरूने मिकी माऊस गिरवायला न लावता अजिंठ्याकडे पाठवले. राम मोहन तिथेच घडले. जी. के. गोखले, व्ही. जी. सामंत ही मराठी नावेही त्याच शाखेतली. २००५ मध्ये 'हनुमान' हा पूर्ण लांबीचा अॅनिमेशनपट आला, त्याचे दिग्दर्शक हेच सामंत.

मुख्य चित्रपटाच्या आधी फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट दाखवणे थिएटरवाल्यांना त्या काळी सक्तीचे होते. त्यामुळे ही चित्रे खेड्यापाड्यांतल्या तंबूपर्यंत पोहोचली. कुटुंब नियोजन, बचत, स्वच्छता, असे विषय; लोक त्या वेळात बाहेर विडी ओढायला जात हेही खरे. पण पडद्यावर रेषेची माणसे आली की पोरे मात्र जागची हलत नसत. आमच्या पिढीला दूरदर्शनवर भेटला तो 'एक, अनेक और एकता'. १९७४ सालचा. दिग्दर्शन विजया मुळे यांचे, चित्रे भीमसेन यांची, आणि संगीत वसंत देसाई यांचे. देसाई मूळचे 'प्रभात'च्या आवारात वाढलेले. अवघ्या सातएक मिनिटांचा चित्रपट, पण हिशेब तोच: सेकंदाला चोवीस, म्हणजे दहा हजार चौकटी. पारधी, जाळे आणि चिमण्या पुन्हा आपल्या जुन्या गोष्टीतल्याच. चाळीशी-पन्नाशीच्या कोणालाही विचारा, त्यातले गाणे अजून पाठ असते. चित्रे कोणी काढली हे मात्र दहातल्या एकालाही सांगता येईल की नाही, शंका आहे.

हरवलेले सापडतच नाही असेही नाही. १९१९ सालचा कलकत्त्याचा 'बिल्वमंगल' हा मूकपट कायमचा गेला, असे सारे धरून चालले होते. त्याचा एक भाग पॅरिसच्या संग्रहालयात निघाला, आणि २०१६ मध्ये त्याची प्रत पुण्यात आली. तेव्हा आपल्या भागात ज्यांच्या घरी पूर्वी टूरिंग टॉकीज होती, जत्रेत तंबू लागायचे, त्यांनी एकदा माळा जरूर पाहावा. गंजका, गोल, चपटा डबा दिसला तर तो उन्हात ठेवू नका, भंगारवाल्याला देऊ नका, आणि रीळ ओढून उलगडू नका. १९५० च्या आसपासपर्यंतची फिल्म नायट्रेटची असण्याचा संभव असतो. डबा सावलीत, मोकळ्या हवेत, घरापासून बाजूला ठेवा आणि पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाला कळवा. ते लॉ कॉलेज रस्त्यावर आहे. आणि माळ्यावर अंधार असला तर बॅटरी घेऊन चढा, आगकाडी ओढू नका.